शिकागोची 'जेन': बायकांनी चालवलेली बेकायदा गर्भपात सेवा आणि तिचा हिशेब

"दिवस गेलेत? नको आहेत? जेनला फोन करा." साधारण या अर्थाची चार ओळींची जाहिरात १९६९ नंतर शिकागोतल्या कॉलेजच्या पेपरांमध्ये, बंडखोर छापाच्या छोट्या साप्ताहिकांमध्ये यायची आणि खाली फक्त एक फोन नंबर असायचा. जेन नावाची कुणी बाई नव्हतीच. नंबर लावला की आन्सरिंग मशीनवर एका बाईचा आवाज, नाव आणि नंबर सांगून ठेवा, आम्ही तुम्हाला फोन करू. आणि फोन यायचा, हे महत्त्वाचं.

इलिनॉय राज्यात तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. बाईचा जीव धोक्यात असेल तेवढीच सूट. तरीही १९६९ ते १९७३ या काळात या 'जेन'मार्फत अंदाजे ११,००० गर्भपात झाले, आणि त्यातल्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत ते करणाऱ्यांमध्ये एकही डॉक्टर नव्हता, सगळ्या घर सांभाळणाऱ्या, शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या साध्या बायका. हे ऐकलं की कुणीही आधी "बापरे, काय हिंमत!" असंच म्हणतं. हिंमत होतीच, वाद नाही. पण मी हे प्रकरण जेवढं वाचत गेले तेवढी मला त्यांच्या हिंमतीपेक्षा त्यांच्या हिशेबाची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटायला लागली, म्हणजे एका गर्भपाताचे किती डॉलर पडायचे, ते कुणाच्या खिशात जायचे, आणि तो आकडा खाली आल्यावर दारात येणाऱ्या बायकाच कशा बदलल्या. तर या अंगाने लिहितेय.

सुरुवात

१९६५ साल. हेदर बूथ शिकागो विद्यापीठात शिकत होती. आदल्या उन्हाळ्यात ती मिसिसिपीला जाऊन आलेली, तिथे काळ्या लोकांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून उत्तरेकडची पोरंपोरी गेली होती त्यात ही पण. एका मित्राने येऊन सांगितलं की बहिणीला दिवस गेलेत आणि ती जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेईल अशी अवस्था आहे. बूथला गर्भपाताबद्दल काडीची माहिती नव्हती, पण चळवळीतले डॉक्टर माहीत होते, त्यांच्याकडे विचारत विचारत ती पोचली डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्यापर्यंत.

हा माणूस कोण ते जरा सांगायलाच हवं. हॉवर्ड हे काळे सर्जन, मूळ काम मिसिसिपीत, तिथे नागरी हक्कांचे मोठे पुढारी. १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराचा गोऱ्यांनी खून केला तेव्हा साक्षीदार शोधायला आणि त्यांना सुरक्षित ठेवायला यांचंच घर होतं. जिवाला धोका झाला म्हणून गाव सोडून शिकागोला आले. त्यांनी त्या मुलीचं काम करून दिलं. फी ५०० डॉलर.

बूथला वाटलं एकदाच केलं, संपलं. पण अशी गोष्ट संपत नसते. कुणीतरी कुणालातरी सांगितलं, दुसरा फोन आला, मग तिसरा, होस्टेलच्या फोनवर "जेन आहे का?" असं विचारायचं ठरलं. जेन हे नाव का, तर साधं, कुणाचंही असू शकेल असं. १९६८ च्या सुमाराला बूथचं लग्न, शिक्षण, मूल असं सगळं एकत्र आलं आणि फोन तर वाढतच होते, तेव्हा तिने काही जणींना बोलावून हे काम त्यांच्या हाती दिलं. त्यांचं अधिकृत नाव लांबलचक, स्त्रीमुक्ती चळवळीची गर्भपात सल्ला सेवा अशा अर्थाचं, पण सगळे म्हणायचे जेनच.

या दुसऱ्या फळीत जोडी हॉवर्ड होती (डॉ. हॉवर्डशी काही नातं नाही, आडनाव जुळलं एवढंच). तिला हॉजकिन्स म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दिवस राहिले, तब्येतीला झेपणारे नाहीत हे उघड दिसत होतं, तरी हॉस्पिटल सहजासहजी तयार होईना. शेवटी ही आत्महत्या करेल असं मानसोपचारतज्ज्ञांकडून लिहून घेतलं तेव्हा कुठे कायदेशीर गर्भपात झाला. कॅन्सर पुरेसा नव्हता, वेडी ठरायला लागलं. पुढे जेनमध्ये सगळ्यात हट्टी आणि सगळ्यात व्यवहारी बाई हीच झाली, याचं मला नवल वाटत नाही.

तेव्हा शहरात काय चालायचं

पैसा आणि ओळख असलेल्या घरातली मुलगी असेल तर फॅमिली डॉक्टर गुपचूप क्युरेटिंग करून कागदावर दुसरंच काहीतरी लिहायचा, किंवा मुलगी परदेशी जाऊन यायची. बाकीच्यांनी काय करायचं? शिकागोत या धंद्यात गुंडांचा हात होता. मोटेलची खोली, रोख पैसे आधी, माणूस कोण हे कळणार नाही, काही बिघडलं तर तो परत भेटणार नाही. आणि ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्या स्वतःच काहीतरी करून घ्यायच्या आणि तापाने फणफणत कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये यायच्या, हे तिथलं मोठं सरकारी हॉस्पिटल. तिथे अशा सेप्टिक झालेल्या बायकांसाठी वेगळा वॉर्डच होता. वेगळा वॉर्ड लागावा इतकं प्रमाण, यातच काय ते आलं.

आणि हे सगळं टाळायला गर्भनिरोधक घ्यावं म्हटलं तर बिनलग्नाच्या मुलीला ते मिळणंही सोपं नव्हतं. अविवाहितांना गर्भनिरोधक नाकारता येणार नाही हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते मार्च १९७२ मध्ये, म्हणजे जेन सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावर. १९६७ पासून न्यूयॉर्कच्या काही पाद्री आणि रबाय (ज्यू धर्मगुरू) लोकांनी बायकांना भरवशाच्या डॉक्टरांकडे पाठवायची सेवा सुरू केली होती, तिची शाखा शिकागोतही होती. धर्मगुरू आणि गर्भपात हे आपल्याला विचित्र वाटेल पण खरं आहे, आणि त्यांच्या अंगावरच्या झग्यामुळे पोलीस त्यांना हात लावायला कचरायचे. बायकांच्या अंगावर झगा नव्हता.

काम कसं चालायचं

मशीनवर निरोप आला की त्या आठवड्याची 'कॉलबॅक जेन' फोन करायची. शेवटची पाळी कधी, वय काय, आधी मुलं किती, काही आजार, पैसे किती देता येतील, हे सगळं एका छोट्या इंडेक्स कार्डवर उतरायचं. मग मीटिंगमध्ये ही कार्डं गोल बसलेल्या बायकांच्या हातांतून फिरायची आणि प्रत्येक जण आपल्याला झेपतील ती कार्डं काढून घ्यायची, चहा-बिस्किटं आणि मधेच कुणाचं तरी रडणारं पोर, भिशीच्या मीटिंगसारखा माहोल. अवघड कार्डं मागे राहायची. वय पंधरा, दिवस जास्त भरलेले, घरच्यांना माहीत नाही, पैसे शून्य, असं कार्ड दोन-तीनदा फिरून परत यायचं आणि मग कुणीतरी उसासा टाकून ते घ्यायचंच.

कार्ड घेणारी ती समुपदेशक. ती त्या बाईला आपल्या घरी बोलवायची, स्वयंपाकघरात बसवून काय काय होणार ते सगळं सांगायची, कुठलं उपकरण, किती दुखेल, किती वेळ, नंतर किती दिवस अंगावरून जाईल, ताप आला तर काय करायचं. आणि नको असेल तर अजूनही मागे फिरता येईल हेही सांगायची. तिकडच्या डॉक्टरांकडे तेव्हा एवढं समजावून सांगायची पद्धत नव्हतीच (आपल्याकडे आजही किती ठिकाणी आहे? टेबलावर घ्या, पाय वर करा, झालं). सगळ्या वेळा जुळवणारी एक असायची, तिला 'बिग जेन' म्हणायच्या, सगळ्यात जास्त डोकेदुखी तिच्या वाट्याला.

ठरलेल्या दिवशी बाईने यायचं एका फ्लॅटवर, त्याला नाव 'फ्रंट'. तिथे तिच्यासोबत नवरा, आई, मैत्रीण, लहान पोरं कुणीही येऊ शकायचं, पोरांना खेळायला, खायला काहीतरी असायचं. तिथून जेनचीच एक ड्रायव्हर दोघी-चौघींना गाडीतून दुसऱ्या फ्लॅटवर न्यायची, ती खरी 'जागा'. सोबत आलेल्यांना 'जागा' कुठे हे कळायचं नाही. दोन्ही फ्लॅट बदलत राहायचे, बहुतेक वेळा कुणा सदस्याचं किंवा ओळखीच्याचं राहतं घर, म्हणजे सकाळी जिथे पोरांनी नाश्ता केला त्याच घरातल्या बेडवर चादर बदलून दुपारी हे. काम झालं की परत गाडीतून फ्रंटला. हातात अँटिबायोटिकच्या गोळ्या, गर्भाशय आकसून रक्तस्राव आटोक्यात राहावा यासाठीच्या गोळ्या, कसं घ्यायचं ते लिहिलेला कागद. नंतरचे काही दिवस समुपदेशकच फोन करून विचारणार. पुढे तर यांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणीही सुरू केली, कारण येणाऱ्या कितीतरी बायकांची ती आयुष्यात कधी झालेलीच नव्हती.

दिवस जास्त भरलेले असतील त्यांच्यासाठी वेगळा आणि अवघड मार्ग. तिथे गर्भपात सुरू करून दिला जायचा आणि पुढचं पुष्कळदा हॉस्पिटलमध्ये व्हायचं, आणि हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, कधी पोलीस सुद्धा कॉटजवळ उभे राहून "कुणी केलं सांग, नाहीतर उपचार नाही" असं दरडावायचे. तर जेनच्या बायका आधीच पढवून ठेवायच्या की आपोआप झालं एवढंच म्हण, तुला उपचार नाकारता येत नाहीत. या भागाबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटलं, कारण इथे जेन सोबत नसायची, बाई एकटी.

'डॉक्टर'

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीच्या काळात जेन फक्त सल्ला आणि पाठवणी करायची, प्रत्यक्ष काम बाहेरचा माणूस करायचा. त्यातला मुख्य माणूस म्हणजे 'माइक'. फी ५०० ते ६०० डॉलर, आणि त्या काळात तेवढ्यात तीन-चार महिन्यांचं घरभाडं सहज भागायचं. मोटेलच्या खोलीत काम, बाईच्या डोळ्यांवर पट्टी, कारण त्याचा चेहरा दिसता कामा नये. हात मात्र चांगला होता, कुणाला इजा नाही, वागायला मवाळ, त्यामुळे बायका त्याला सोडू शकत नव्हत्या आणि हे त्यालाही माहीत होतं.

जोडी हॉवर्डने काय केलं, मधला दलाल काढून थेट माइकला गाठलं आणि घासाघीस केली. आम्ही तुला दर आठवड्याला ठरलेलं काम देऊ, तू भाव कमी कर, आणि मधूनमधून एखादं फुकट कर. भाव हळूहळू उतरला. मोटेल सुटलं, फ्लॅट आले. खोलीत जेनची एक बाई हात धरायला बसणार हेही त्याने मान्य केलं. मग हात धरणारी उपकरणं उकळायला लागली, मग इंजेक्शन द्यायला लागली, मग त्याच्या हाताकडे बघत बघत एकेक पायरी शिकायला लागली. स्वतःकडे एक कर्जाचा फंडही ठेवला होता, त्यातून बायकांना उसने पैसे द्यायचे, त्यातले कितीतरी परत यायचे नाहीत आणि कुणी फार मागेही लागायचं नाही.

आणि मग बाहेर आलं की माइक डॉक्टर नाहीच. कधीच नव्हता. कुठेतरी शिकून आलेला हुशार माणूस, बस.

काही मोजक्या जणींना याचा अंदाज आधीपासून होता आणि त्यांनी तो बाकीच्यांपासून लपवला होता, त्यामुळे मीटिंगमध्ये राग दुहेरी. एक, आपण शेकडो बायकांना समोर बसवून "डॉक्टर करतील" असं सांगितलं. दोन, आपल्यातल्याच काहींनी आपल्याला सांगितलं नाही. कित्येक जणी त्यानंतर निघून गेल्या आणि मला त्या चुकल्या असं अजिबात वाटत नाही. समोरच्या बाईने विश्वास टाकला तो एका खोट्या माहितीवर, नंतर काम चांगलं झालं म्हणून ते खोटं धुऊन निघत नाही. बेकायदा संघटनांमध्ये "गुप्तता" या नावाखाली मोजक्या लोकांच्या हातात सगळी माहिती जमा होते तो प्रकार इथेही झाला, आणि या प्रकरणावर भारावून लिहिणारे बरेच जण इथून पटकन पुढे सरकतात.

पण राहिलेल्या बायकांनी जे गणित मांडलं ते भन्नाट होतं. हा डॉक्टर नसताना करू शकतो, आपण रोज त्याच्या शेजारी उभ्या असतो, तर आपण का नाही? आणि आपण केलं तर मग ते शेकडो डॉलर कशाला लागतात? त्यांनी माइककडूनच पूर्ण काम शिकून घेतलं, आधी जोडी, मग एकीने दुसरीला असं करत, कुणीही थेट शेवटच्या पायरीवर गेली नाही, आधी मदतनीस मग पुढे. माइक बाजूला झाला. १९७१ पासून सगळं काम बायकांच्याच हातात. येणाऱ्या बाईला आता स्पष्ट सांगायचं, आम्ही डॉक्टर नाही, आम्ही शिकलेल्या बायका आहोत. डोळ्यावरची पट्टी गेली.

आणि भाव? १०० डॉलर. तेही नसतील तर असतील तेवढे. प्रत्यक्षात सरासरी ५० च्या आसपास पडायचे म्हणतात. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही हा नियम.

मग कोण यायला लागलं

इथे अजून एक गोष्ट जुळून आली. जुलै १९७० पासून न्यूयॉर्क राज्यात गर्भपात कायदेशीर झाला, तोही बाहेरच्या राज्यातल्या बायकांसाठी सुद्धा. झालं, शिकागोतल्या ज्यांच्याकडे विमानाचं तिकीट आणि क्लिनिकच्या फीचे पैसे होते त्या न्यूयॉर्कला जाऊन यायला लागल्या. उरल्या कोण? ज्यांना दोन दिवस कामावरून सुट्टी मिळत नाही, ज्यांची पोरं सांभाळायला कुणी नाही, ज्यांनी विमान आतून पाहिलेलं नाही. शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या गरीब बायका, त्यातल्या बहुसंख्य काळ्या. सुरुवातीला जेनकडे कॉलेजच्या गोऱ्या मुली यायच्या, आता चित्र पूर्ण पालटलं, आणि आठवड्यातले तीन दिवस काम, एका दिवसात तीस-तीस बायका.

जेन स्वतः मात्र बहुतांशी गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांचीच राहिली. काळ्या सदस्य अगदी थोड्या, आणि त्यांनी हे तोंडावर बोलून दाखवलं की टेबलावर झोपलेल्या सगळ्या काळ्या आणि उभ्या असलेल्या सगळ्या गोऱ्या, हे कसं दिसतं बघा. त्या काळात काळ्या आणि गरीब बायकांची त्यांच्या नकळत नसबंदी केल्याची प्रकरणं अमेरिकेत घडत होती, त्यामुळे हा संशय हवेतला नव्हता. जेनकडे याचं उत्तर नव्हतं. रोज तीस बायका दारात असताना कुणाला वेळ होता हे खरं, पण वेळ नसणं हे कारण झालं, उत्तर नाही.

गुणवत्तेचं काय? नंतरची तपासणी करून देणारे एक सहानुभूती असलेले डॉक्टर होते, त्यांच्या अनुभवात जेनच्या बायकांमध्ये होणारा त्रास कायदेशीर क्लिनिकांपेक्षा वेगळा नव्हता असं सांगतात. जेनच्या हातून झालेल्या गर्भपाताने कुणी दगावल्याची नोंद नाही. पण एक मृत्यू या कहाणीत आहे. एक तरुण मुलगी आधीच दुसरीकडे काहीतरी करून आलेली, इन्फेक्शन अंगभर, जेनच्या बायकांनी बघताक्षणी काम न करता ताबडतोब हॉस्पिटलला जा म्हणून सांगितलं. पुढे ती वारली. नुसतं जा सांगणं आणि गाडीत घालून नेऊन पोचवणं यात फरक आहे, आणि त्यानंतर या बायकांना स्वतःलाही तो प्रश्न पडला असणारच.

३ मे १९७२

पोलिसांना जेन माहीत नव्हती असं नाही. पोलिसांच्या बायका, मुली, मैत्रिणी इथे येऊन गेलेल्या. तक्रार नाही, मढं नाही, तर कशाला हात घाला, असं चाललेलं. पण एका बाईच्या नात्यातल्या बायकांनी, कॅथलिक होत्या त्या, जाऊन रीतसर तक्रार केली आणि खुनाचा तपास करणारं पथक साउथ शोअरमधल्या एका फ्लॅटवर धडकलं.

आत शिरल्या शिरल्या पोलीस शोधत होते डॉक्टरला. म्हणजे पुरुषाला. खोल्या पालथ्या घातल्या, बायकाच बायका, काही बेडवर, काही वाट बघत, काही हातमोजे घातलेल्या. "डॉक्टर कुठे आहे?" हा प्रश्न परत परत. उपकरणं हातात घेऊन समोर उभी असलेली बाईच हे करत असेल हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. सात जणींना पकडलं. वाट बघणाऱ्या बायकांनाही चौकीत नेलं.

पोलीस व्हॅनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की पर्समध्ये त्या दिवसाची इंडेक्स कार्डं आहेत, त्यावर नावं, पत्ते, फोन. मग त्यांनी कार्डांवरचे नाव-पत्त्याचे कोपरे फाडले आणि चावून गिळले. जाड पुठ्ठ्याचा कागद, पाणी नाही, चावतायत आणि गिळतायत. हा प्रसंग आता सगळीकडे थोडा फिल्मी करून सांगितला जातो, पण मला त्यात त्या यंत्रणेतली मोठी त्रुटीही दिसते, एवढी काळजी घेणाऱ्या संघटनेकडे सगळ्यात धोकादायक माहिती उघड्या अक्षरात, पर्समध्ये फिरत होती.

पकडलेल्यांमध्ये ज्युडिथ आर्काना होती, त्या दिवसाची ड्रायव्हर, घरी अंगावर पिणारं बाळ. तिला त्याच रात्री जामिनावर सोडवलं. प्रत्येकीवर गर्भपात आणि गर्भपाताचा कट असे मिळून ११ आरोप, सगळे सिद्ध झाले असते तर प्रत्येकी ११० वर्षांपर्यंत शिक्षा. वकील जो-अ‍ॅन वुल्फसन यांनी सरळ सांगितलं, घाई करायची नाही, तारखा घेत राहायचं, कारण टेक्ससमधलं एक गर्भपाताचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल येऊ दे. (कोर्टातल्या दिरंगाईचा एवढा सदुपयोग आपल्याकडच्या वकिलांनाही आवडेल.) बाहेर राहिलेल्या बायकांनी आधी ठरलेल्या बायकांची दुसरीकडे सोय लावली आणि थोड्याच दिवसांत काम परत सुरू केलं. अटकेनंतरही सुरू केलं, हे मला गिळलेल्या कार्डांपेक्षा मोठं वाटतं.

त्याच वर्षी आपल्याकडे

ही तारीख बघताना आपल्याकडची एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. भारतातला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संसदेत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे शिकागोत धाड पडली त्याच्या जेमतेम महिनाभर आधी आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गर्भपात कायदेशीर झालेला होता. त्यामागची समिती होती शांतिलाल शहा यांची, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. आपल्याकडे हे वरून आलं. लोकसंख्येची काळजी, बाळंतपणात आणि चोरून केलेल्या गर्भपातात मरणाऱ्या बायकांचे आकडे, डॉक्टर आणि अधिकारी. रस्त्यावर कुणी बायका यासाठी उतरल्या नव्हत्या, आणि म्हणूनच असेल, कायद्यात निर्णय डॉक्टरचा आहे, बाईचा अधिकार म्हणून तो लिहिलेलाच नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गर्भपात केंद्रांच्या जाहिराती सर्रास लागायच्या ते अनेकांना आठवत असेल, तरीही खेड्यात बायका सुईण-वैदूकडेच जात राहिल्या, कारण सरकारी केंद्रात नवऱ्याला घेऊन ये म्हणायचे, जे कायद्यात सज्ञान बाईसाठी कधीच नव्हतं. पुढे आपल्या स्त्री संघटनांची शक्ती लिंगनिदानाविरुद्ध लागली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्यावर देशातला पहिला कायदा केला, पण तो वेगळा विषय आहे, आणि दोन्हींची गल्लत केल्यामुळे आजही औषधाच्या दुकानात गर्भपाताच्या गोळ्या मागितल्या की दुकानदार दचकतो. असो.

शेवट कसा झाला

२२ जानेवारी १९७३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टेक्ससमधल्या त्याच प्रकरणात, रो विरुद्ध वेड खटल्यात, गर्भपात बाईचा घटनात्मक हक्क मानला. मार्चमध्ये सातही जणींवरचे आरोप काढून टाकले. शिकागोत कायदेशीर क्लिनिक उघडेपर्यंत जेनने काही आठवडे काम चालू ठेवलं आणि मग वसंतात बंद केलं, एक पार्टी केली आणि पांगल्या. आता कायदेशीर जगात विनापरवाना वैद्यकी केल्याचा गुन्हा लागला असता, आणि खरं सांगायचं तर त्या पार थकल्या होत्या.

सगळ्याच खूश होत्या असं मात्र नाही. क्लिनिकमध्ये भाव परत चढला. स्वयंपाकघरात बसून समजावणं गेलं, फॉर्म आणि रांग आली. जेनने ज्यांच्यासाठी ५० डॉलरमध्ये काम केलं त्या बायकांना आता हक्क होता पण पैसे लागणारच होते, काही वर्षं तो खर्च गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून, मेडिकेडमधून भागायचा. १९७६ मध्ये हेन्री हाइड नावाच्या खासदाराने तरतूद मंजूर करून घेतली की केंद्राचा पैसा गर्भपाताला वापरायचा नाही, मोजके अपवाद सोडून. हा खासदार इलिनॉयचाच, शिकागोच्या उपनगरांतला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तरतूद वैध ठरवली.

जून २०२२ मध्ये रो निकालच उलटवला गेला. इलिनॉयने त्याआधीच आपला राज्याचा कायदा बदलून गर्भपाताचा हक्क पक्का केला होता आणि राज्याच्या पैशातून मेडिकेडवाल्या बायकांचा खर्चही उचलायला सुरुवात केली होती, त्यामुळे आता मिसुरी, इंडियाना आणि त्याही खालच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून बायका शिकागोला येतात. क्लिनिक उघडी आहेत, डॉक्टर खरे आहेत. अडतं ते बसच्या किंवा विमानाच्या तिकिटाला, दोन रात्रींच्या हॉटेलला, बुडालेल्या रोजाला आणि मागे ठेवलेल्या पोरांना कोण बघणार याला, आणि हे पैसे तिथल्या संस्था लोकांकडून देणग्या गोळा करून पुरवतात.